पुरेशी रायफल

शिकारीची स्वस्त रायफल पुरेशी असते का, हा प्रश्न वरवर पाहता किमतीचा वाटतो. मात्र त्याचे उत्तर दुकानातल्या पाटीवर सापडत नाही, कारण रायफल कशासाठी पुरेशी, किती अंतरावरून पुरेशी आणि नेम चुकला तर त्याचे भोग कोणाच्या वाट्याला येणार, हे ठरल्याशिवाय ‘पुरेशी’ या शब्दाला काही मोजमापच उरत नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी छंदाची शिकार बंद झाली आणि बोरिवली, मुलुंड, पवई या पट्ट्यातले डोंगर आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या संरक्षणाखाली आहेत. तरीही हा प्रश्न निकालात निघालेला नाही. हे डोंगर ज्या साष्टी बेटावर आहेत तिथल्या जुन्या शिकारीपासून कोकणातल्या शेतीसंरक्षणाच्या बंदुकीपर्यंत आणि वरळीच्या नेमबाजी केंद्रापासून बिबट्याला गुंगीचे औषध देणाऱ्या वनखात्याच्या पथकापर्यंत तो निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा समोर येतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे उत्तर वेगळे येते.

आधी साधनांतला फरक स्पष्ट असावा. छर्ऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते आणि तिच्यातून बारीक गोळ्यांचा सडा एकदम बाहेर पडतो. रायफलीच्या नळीत मात्र पिळाच्या खाचा कोरलेल्या असतात, त्या खाचांमुळे एकच गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि त्या फिरण्यामुळे हवेत कलंडत नाही, सरळ जाते. हवेच्या दाबावर चालणारी एअर रायफल याच तत्त्वावर काम करते, फक्त तिच्यात दारू नसते. म्हणजे रायफलीचा सगळा जीव तिच्या नळीत आहे. लाकडी दस्त्यावरची नक्षी, धातूवरची निळसर झिलई आणि कारखान्याचे नाव या गोष्टी त्यानंतर येतात.

नळीची अचूकता मोजण्याची रीत सोपी आहे. रायफल घट्ट टेकवून एकाच बिंदूवर लागोपाठ काही गोळ्या झाडायच्या आणि कागदावर पडलेल्या भोकांचा घोळका किती रुंद आहे ते पाहायचे. हा घोळका कोनाच्या मापात सांगतात. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट, आणि एका मिनिटाचा कोन १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर रुंदीचा होतो. आता चितळाएवढ्या हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसे मिळून जो मर्मभाग असतो, तो साधारण १५ ते २० सेंटिमीटर व्यासाचा धरला जातो. तीन मिनिटांचा घोळका देणारी, म्हणजे आजच्या मापाने सुमारच म्हणावी अशी रायफलसुद्धा १०० मीटरवर नऊ सेंटिमीटरच्या आत गोळ्या टाकते. नेम मधोमध असेल तर गोळी मर्मभागातून बाहेर जाण्याचे कारण नाही. एक मिनिटाच्या रायफलीसाठी कित्येक पट पैसे मोजणाऱ्या शिकाऱ्याला या अंतरावर त्या पैशांचा जो मोबदला मिळतो तो कागदावर दिसतो, जनावरावर दिसत नाही. खरी घट माणसाकडून होते, कारण धापा टाकत, आधाराशिवाय, संधिप्रकाशात उभ्याने नेम धरणाऱ्याच्या हातांची थरथर कोणत्याही बऱ्या नळीच्या दोषापेक्षा मोठी असते.

साष्टीच्या जंगलात तर १०० मीटर हेसुद्धा लांबचे अंतर होते. विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी १८७९ मध्ये तयार झाला. या तलावांचे पाणलोट क्षेत्र राखले गेले म्हणूनच पुढे वाढत्या मुंबई शहराच्या पोटात हे जंगल टिकले. पानगळीचे दाट रान, करवंदीच्या जाळ्या, कान्हेरीच्या बाजूचे खडकाळ उतार आणि ओढ्यांच्या घळी अशा भूमीत सांबर, भेकर किंवा रानडुक्कर दिसायचे ते थोड्याच अंतरावर आणि क्षणभरच. मचाणावरून पाणवठ्याकडे रोखलेला बार वीस-तीस मीटरचा असे. हाका घालून जनावर उठवले तर ते धावतच समोर येई. साष्टीतला शेवटचा वाघ १९२९ मध्ये मारला गेल्याची नोंद आहे. अशा रानात रायफलीकडून अपेक्षा असे ती लांबच्या अचूकतेची नव्हे, तर खांद्याला लावताच नजरेच्या रेषेत येण्याची, पावसाळी हवेत गंज न धरण्याची आणि दुसरे काडतूस न अडकता आत जाण्याची. यातल्या पहिल्या दोन गोष्टी साध्या रायफलीतही मिळत. तिसरीचा विचार पुढे स्वतंत्रपणे करावा लागेल.

पुरेपणा म्हणजे अधिक ताकद असा समज शिकारीच्या गप्पांत सर्रास आढळतो, पण मुंबईच्याच इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण त्याच्या उलट आहे. १८९६ मध्ये जन्मलेले पक्षितज्ज्ञ सलीम अली लहानपणीच पोरके झाले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या खेतवाडीतल्या घरी वाढले. मामा स्वतः हौशी शिकारी, आणि या मुलाच्या हाती आली होती ती खेळण्यातली एअरगन. तिने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, ती कोणती हे घरात कोणाला सांगता येईना, म्हणून मुलगा तिला घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे ओळखलेच, शिवाय पेंढा भरून जतन केलेल्या पक्ष्यांचा सगळा संग्रहही त्याला उघडून दाखवला. अधिक जोरकस हत्यार असते तर ओळखण्याजोगा गळा उरलाच नसता. पुढेही पक्ष्यांचे नमुने गोळा करणारे अभ्यासक कातडे खराब होऊ नये म्हणून मुद्दाम अतिशय बारीक छर्रे वापरत. साधन कामाच्या मापाचे असावे लागते, आणि लहान कामाला मोठे साधन हेही अपुरेच ठरते.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून स्वस्त रायफल चांगली कशी होत गेली, याचा इतिहास मुख्यतः अमेरिकी कारखान्यांत घडला. पूर्वीच्या बोल्ट रायफलीत, म्हणजे मागचा दांडा हाताने ओढून रिकामे काडतूस बाहेर टाकायचे आणि पुढे रेटून नवे आत घ्यायचे अशा रायफलीत, नळी ज्या भागात बसते तो भाग पोलादाच्या ठोकळ्यातून कुशल कारागिरांकडून तासून घेतला जाई. रेमिंग्टन कंपनीने १९४८ मध्ये आणलेल्या ७२१ या रायफलीत तो भाग गोल सळईतून लेथवर काढला. काम झटपट झाले, खर्च उतरला आणि गोल भाग मध्यरेषेत बिनचूक बसत असल्याने नेमही सुधारला. १९५८ मध्ये आलेल्या सॅव्हेज ११० ने आणखी एक अडचण सोडवली. काडतूस नळीच्या मागच्या पोकळीत बसल्यावर त्याच्या बुडामागे किती जागा राहते हे अंतर फार महत्त्वाचे असते. ते जास्त झाले तर बार उडताना काडतुसाचे पितळी कवच फाटून तप्त वायू मागे येतो. हे अंतर जुळवण्यासाठी पूर्वी अनुभवी जुळाऱ्याला नळी पुन्हा पुन्हा बसवून तपासावी लागे. सॅव्हेजच्या रचनेत नळीवर एक मोठी चाकी आली आणि ती फिरवून अंतर जुळवता येऊ लागले. नळीच्या आतल्या खाचाही एकेक करून कोरण्याऐवजी, पिळाचा साचा आत ठेवून बाहेरून यंत्राच्या हातोड्यांनी नळी ठोकण्याची पद्धत रूढ झाली, आणि त्यामुळे हजारावी नळीही पहिलीसारखीच निघू लागली.

म्हणूनच आजच्या स्वस्त रायफलीत काटकसर कुठे झाली आहे हे पाहणे किमतीपेक्षा अधिक उपयोगाचे ठरते. अक्रोडाच्या दस्त्याऐवजी प्लॅस्टिकचा दस्ता आला तर पावसात लाकूड फुगून नळीला टेकण्याचा त्रासच संपतो. तो लवचीक असेल आणि आधारावर टेकवताना वाकून नळीला लागत असेल तर मात्र नेम सरकतो. बोल्ट खरखरीत चालला तर सवयीने चालवून घेता येतो. चाप जड असेल, म्हणजे तो ओढायला इतका जोर लागत असेल की ओढतानाच नळी बाजूला जाते, तर ती त्रुटी गंभीर आहे. आणि रायफल स्वस्त घेऊन तिच्यावर त्याहून स्वस्त दुर्बीण बसवणारा माणूस आपला दोष बहुधा रायफलीच्या माथी मारतो, कारण बाराच्या धक्क्याने दुर्बिणीतली खूण जागची हलली की उत्तमातली उत्तम नळीही भलतीकडे गोळी टाकते.

महागड्या रायफलीचा पैसा जिथे खरोखर कामी येई ती जागा निराळी होती. वाघ, गवा किंवा अस्वल जखमी होऊन अंगावर आले तर दोन सेकंदांत दुसरा बार काढावा लागतो, आणि त्यासाठी इंग्लंडमधल्या रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड अशा कारखान्यांत दुनळी रायफली बनत. दोन नळ्या, दोन घोडे, दोन चाप. एक यंत्रणा बिघडली तरी दुसरी तयार. या दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठरावीक अंतरावर एकाच ठिकाणी पडाव्यात म्हणून कारागीर बार काढून पाहत, नळ्यांमधली पाचर किंचित सरकवत आणि पुन्हा बार काढत. एकेका रायफलीवर होणारी ही मेहनत तिच्या किमतीत उतरलेली असे. ज्याला असले जनावर मारायचे नव्हते त्याला त्या किमतीचा काही उपयोग नव्हता, पण ज्याला मारायचे होते त्याच्या दृष्टीने ती चैन नव्हती.

नरभक्षकांचे शिकारी जिम कॉर्बेट यांच्या चंपावतच्या वाघिणीची हकिकत या संदर्भात दोनदा उपयोगी पडते. १९०७ मध्ये मारल्या गेलेल्या या वाघिणीने चारशेहून अधिक माणसे मारल्याचे सांगितले जाते, आणि तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले होते, ज्यामुळे तिला नेहमीचे भक्ष्य पकडता येईना असा कॉर्बेट यांचा निष्कर्ष आहे. कोणा अज्ञाताचा एक चुकार बार, आणि त्याची फेड त्या भागातल्या गवत-लाकूड आणायला जाणाऱ्या बायांनी केली. दुसरी गोष्ट शेवटच्या क्षणाची आहे. जवळची काडतुसे संपल्यावर कॉर्बेट यांनी तहसीलदाराची जुनी बंदूक घेतली. तिच्या नळ्या आणि मागचा भाग यांच्यामध्ये फट पडलेली होती. अगदी थोड्या अंतरावरून वाघिणीच्या उघड्या तोंडावर धरलेला तिचा नेम चुकून गोळी पंजाला लागली. वाघीण आधीच्या जखमांनी मेली म्हणून शिकारी वाचला. स्वस्त आणि निकामी यांमधली सीमारेषा इथे दिसते. साधी पण धड रायफल पुरेशी असू शकते. जिची नळी आणि बुड घट्ट बसत नाही ती कोणत्याही किमतीला महागच.

भारतातल्या सामान्य परवानाधारकाला मात्र स्वस्त आणि महाग यांतली निवड मोकळेपणी करताच आली नाही, कारण इथे रायफलीचे माप बाजारापेक्षा कायद्याने अधिक ठरवले. सैन्याच्या काडतुसांची चोरी बंडखोरांच्या उपयोगी पडू नये म्हणून ब्रिटिश सरकारने लष्करी मापाच्या रायफली खासगी माणसांच्या हाती पडू नयेत अशी व्यवस्था केली. १९०७ च्या सुमारास .४५० इंच मापावर बंदी आली आणि इंग्लिश कारखान्यांना भारतासाठी .४६५, .४७० अशी नवी मापे काढावी लागली. थ्री-नॉट-थ्री म्हणजे .३०३ ही फौजेची रायफल असल्याने तिच्या जागी नागरिकांसाठी .३१५ आली. तिचे काडतूस मुळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यासाठी बनलेले आठ मिलिमीटर मॅनलिखर. रायफलीची ठेवण मात्र फौजेच्या ली-एनफिल्डची. स्वातंत्र्यानंतर कोलकात्याजवळच्या ईशापूर इथल्या सरकारी रायफल फॅक्टरीने हीच .३१५ स्पोर्टिंग रायफल बनवणे चालू ठेवले, आणि तिची काडतुसे पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होत.

ही रायफल हातात घेतल्यावर तिचे गुण-दोष लगेच जाणवतात. दस्ता जाडसर, झिलई सामान्य, डोळ्यासमोर दुर्बीण नाही, उघडी खाच आणि नळीच्या टोकाची खूण एवढ्यावर नेम धरायचा. गोळी जवळजवळ सोळा ग्रॅमची, जड आणि बोथट नाकाची. ती आजच्या वेगवान गोळ्यांच्या मानाने सावकाश जाते, त्यामुळे दोनशे मीटरपलीकडे तिचा मार्ग बराच खाली झुकतो. पण दाट रानातल्या पन्नास-साठ मीटरवर हा झुकाव नगण्य असतो, जड गोळी रानडुकराच्या खांद्याचे हाड भेदून आत जाते, आणि ली पद्धतीचा बोल्ट धूळमातीतही झटकन चालतो. साष्टी किंवा सह्याद्रीच्या जंगलासाठी ती पुरेशी होती असे म्हणायला हरकत नाही, तर राजस्थानच्या उघड्या माळासाठी ती अपुरी म्हणावी लागेल. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी बंदूक आयात करणे जवळजवळ अशक्य झाले, आणि त्यामुळे देशात आधीच असलेल्या जुन्या विलायती रायफलींना जी किंमत येऊ लागली ती गुणाची कमी आणि दुर्मीळपणाची जास्त होती. त्या किमतीवरून रायफलीची पारख करणारा हमखास फसतो.

कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत, याहूनही साधे साधन घरोघरी दिसते, ते म्हणजे ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू, चिंधी आणि गोळी किंवा छर्रे गजाने ठासायचे, मागे टोपी लावायची आणि घोडा पाडायचा. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती शेतकऱ्याकडे असते आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, कधी कधी नेमकी माकडे आणि डुकरे बागेत उतरण्याच्या दिवसांत. आवाज करून जनावर पळवायला ती उत्तम. मारण्यासाठी मात्र ती खरोखर अपुरी आहे, आणि हे स्पष्ट सांगायला हवे: गुळगुळीत नळीतली एकटी गोळी चाळीस मीटरवरही भरवशाची राहत नाही, दुसरा बार भरायला बराच वेळ लागतो, आणि पोटात छर्रे घेऊन झाडीत शिरलेले डुक्कर दोन दिवस तडफडते किंवा सकाळी काजूच्या बागेत कामाला आलेल्या बाईवर धावून जाते. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला वनाधिकाऱ्याच्या परवानगीने मारण्याची मुभा शासनाने दिली, पण परवानगीबरोबर योग्य हत्यार आणि सराव यांची सोय झाली नाही. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे. त्याच्या हाती अर्धवट साधन देऊन जनावराच्या यातना वाढवणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

याच्या नेमक्या उलट टोकाला नेमबाजीचा खेळ उभा आहे. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या केंद्रावर सराव करून मुंबईच्या अंजली भागवत यांनी २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठली, तर २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील याच प्रकारात जगज्जेता झाला. या खेळात कागदावरचा मधला ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो आणि अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. एक दशांश गुण म्हणजे पाव मिलिमीटर. जंगलात पंधरा सेंटिमीटरच्या मर्मभागासाठी साधी रायफल चालते, आणि इथे दहा मीटरवरच्या कागदासाठी लाखो रुपयांची जर्मन किंवा ऑस्ट्रियन एअर रायफल लागते, कारण लक्ष्य तितके लहान आहे. शिकणाऱ्याला मात्र पहिल्या दिवसापासून ती लागत नाही. उभे राहण्याची ठेवण, श्वास रोखणे आणि चाप न झटकता ओढणे हे देशी बनावटीच्या रायफलीवरही शिकता येते. ठाणे जिल्ह्यातली प्रीसिहोल ही कंपनी लांब खोल भोके पाडणारी यंत्रे बनवते आणि एअर रायफलीही बनवते. नळी म्हणजे मुळात एक लांब, सरळ भोकच असल्याने हे दोन धंदे एका छपराखाली येणे स्वाभाविक आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर मापाच्या आणि २० ज्यूलच्या मर्यादेत राहणाऱ्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. पण तिने पक्षी मारणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, ही गोष्ट गच्चीवरून कबुतरे टिपणाऱ्या मुलांच्या पालकांना बहुधा माहीत नसते.

उपनगरांत आज वन्य प्राण्यावर कायदेशीरपणे रोखली जाणारी बंदूक एकच आहे, ती गुंगीच्या औषधाची. डिसेंबर २०१७ मध्ये अंधेरी पूर्वेच्या शेर-ए-पंजाब वसाहतीतल्या बालवाडीत, जानेवारी २०१८ मध्ये मुलुंडच्या नाणेपाड्यात आणि एप्रिल २०१९ मध्ये मरोळच्या एका इमारतीत बिबट्या शिरला, तेव्हा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या बचाव पथकाने त्याला बेशुद्ध करून बाहेर काढले. इथे पुरेपणाचे गणितच उलटे होते. औषधाची सुई असलेला डार्ट छर्ऱ्यापेक्षा कितीतरी जड असतो आणि तो जोरात गेला तर मांडीचे हाड मोडतो किंवा पोटात घुसतो. म्हणून अंतर मोजून वायूचा दाब कमी-जास्त करता येणे हाच या बंदुकीचा मुख्य गुण, आणि पैसे मोजायचे ते या नियंत्रणासाठी. जिन्याखाली किंवा बंद खोलीत तीन-चार मीटरवर बिबट्या असेल, तर तोंडाने फुंकून डार्ट सोडायची साधी नळी, म्हणजे फुंकणी, महागड्या डार्ट बंदुकीपेक्षा सुरक्षित ठरते: आवाज नाही, धक्का हलका. झायलाझीन आणि केटामाइन या औषधांचे मिश्रण देताना पशुवैद्याला बिबट्याचे वजन नजरेनेच जोखावे लागते, आणि डार्ट लागल्यावर जनावर आडवे होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटेही जातात. त्या मिनिटांत बिबट्या बिथरून कोणाच्या अंगावर जाईल की नाही हे बंदुकीच्या किमतीवर अवलंबून नसते. गॅलरीत, गेटवर आणि रस्त्यावर मोबाइल उंचावून उभी असलेली गर्दी पोलीस किती मागे ठेवू शकतात यावर असते. म्हणूनच २०११ मध्ये उद्यान प्रशासनाने संशोधक आणि नागरिक यांच्याबरोबर ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) हा उपक्रम सुरू केला, तेव्हा बिबट्याच्या अभ्यासाइतकाच भर पोलीस आणि पत्रकार यांच्या कार्यशाळांवर दिला गेला.